‘हँड’चा बारावा अर्थ

हात म्हणजे हात! त्यात लिहायचं काय एवढं? नाही, तुम्हीच सांगा! आपला निदान खांद्यापासून निघतो आणि बोटांना संपतो, सरळ कारभार. इंग्रजांचं तसं नाही, मनगटाच्या पुढचा तेवढा हँड, मागचा आर्म! एका धडधाकट हाताचे दोन तुकडे, आणि त्यातल्या पुढच्या तुकड्याने माझे तीन महिने खाल्ले... तीन महिने! झोप गेली, भूक गेली, आमचे हे म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊ या.” म्हटलं, डॉक्टरला काय सांगू? शब्द लागलाय म्हणून?

तुम्हाला सांगते, मी शब्दकोशाच्या कचेरीत आहे. इंग्रजी-मराठी कोश. एका अर्थाला एक कार्ड, कार्डं लाकडी खणात, खणावर अक्षर. कोश सरांचा. सर म्हणजे आमचे संपादक. एकतीस वर्षं एकच खोली, एकच खुर्ची, कार्डांवर हिरवी शाई. ए पासून निघाले ते एच पर्यंत आले, ‘हँड’चं ‘हात’ लिहिलेलं पहिलं कार्ड खणात ठेवलं, दुपारी घरी जेवायला गेले... आणि गेलेच. हातातला घास हातातच राहिला म्हणतात.

मग कार्यवाहांनी मला बोलावलं. संस्थेचा कारभार ते बघतात, बोलतात असे की समोर सभा भरलीय. “बाई! तुम्ही इतकी वर्षं सरांची मुद्रितं तपासलीत. आता पुढचं तुम्ही लिहायचं. एच जर वर्षअखेर पुरा झाला नाही, तर मंडळ हा कोश बंद करणार!” मी मनात म्हटलं, हात म्हणजे हात, त्याला असा किती वेळ लागणार?

बसले सरांच्या खोलीत. सरांच्या खुर्चीत नाही हं, हिंमत नाही झाली, बाजूच्या स्टुलावर. दुसरा अर्थ डोक्यात तयार होता, घड्याळाचा काटा. तोही हँडच. पण पाच वाजले, म्हटलं उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी दहाला कुलूप काढलं, खण ओढला... कार्ड तयार! हिरवी शाई. सरांचं अक्षर. ‘हँड : घड्याळाचा काटा.’

आता तुम्ही म्हणाल, जुनं कार्ड असेल, मागे कुठे अडकलेलं. आमचे हेही तेच म्हणाले. मीही तेच म्हटलं. माणूस अशा वेळी काय वाट्टेल ते म्हणतो!

पुढच्या आठवड्यात तिसरं. ‘हँड : कामावरचा माणूस. उदा. आमच्याकडचा एक हँड कमी झाला आहे.’ कमी झाला आहे! वाचलं आणि मानेवर कोणी गार बोट ठेवावं तसं झालं. मग चौथं, टाळ्या. पाचवं, पत्त्यांच्या डावात वाट्याला आलेली पानं. सहावं, घोड्याची उंची मोजायचं माप, चार इंच. घोड्याचं कोणाला माहीत असणार हो सरांवाचून? मग वाक्प्रचार सुरू. सेकंड हँड, आउट ऑफ हँड, आणि एकदा तर ‘ओल्ड हँड : मुरलेला माणूस. उदा. बाई अजून नवख्या आहेत, हळूहळू ओल्ड हँड होतील.’ बाई म्हणजे कोण? त्या खोलीत दुसरी बाई होती का? मी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. पण रिकामी खुर्ची आणि... कसं सांगू... नुकतंच कोणीतरी उठून गेलेली खुर्ची यात फरक असतो की नाही? त्या दिवसापासून मी खोलीत शिरताना “येऊ का?” विचारायला लागले. हसू नका!

आणि एका सकाळी कार्डावरून अंगठा फिरवला तर अंगठा हिरवा. शाई ओली! मी म्हटलं, थांब. गेलेला माणूस एक वेळ अर्थ सांगेल, पण दौत कुठून आणेल?

तेवढ्यात कार्यवाह दारात. कार्ड बघितलं, माझा अंगठा बघितला. “अस्सं! सरांच्या अक्षराची नक्कल? स्वतःच्या चुका सरांच्या नावावर खपवता?” मी शपथा घेतल्या, रडले, हात जोडले. ते ऐकतात कसले! “सोमवारी मंडळापुढे खुलासा द्या. नाहीतर तुम्हीही बंद, कोशही बंद!” बघा, हात म्हणजे हात म्हणत होते, आणि त्या हातापायी माझं तोंड काळं व्हायची वेळ आली!

म्हणून सोमवारी साडेआठलाच गेले. चोर धरायचा. चांगलं लख्ख ऊन होतं, भीती वाटायचं काही कारण नाही, पण जिन्यात मी एकटी, चपला काढून हातात घेतलेल्या, आणि खोलीचं दार उघडं, बोटभर. आतून निबेचा आवाज. करकर... करकर... मग कोणीतरी खाकरलं. पुरुषी. सर अर्थ सांगायच्या आधी खाकरायचे ना, अगदी तसं. आणि लगेच एका बाईचा आवाज, “हं... मग?”

दार ढकललं. माझ्या स्टुलावर काकू! सरांची बायको! पंचाहत्तरीच्या, काठी टेबलाला टेकवलेली, हातात हिरवं पेन, तोंड रिकाम्या खुर्चीकडे.

“या ना,” म्हणाल्या. “बाराव्या अर्थावर आहोत.”

आहोत! ऐकलंत?

मी म्हटलं, “काकू, हे अक्षर तर सरांचं...”

“त्यांचं कुठलं? लग्नानंतर दोन वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सही तेवढी करायचे. संध्याकाळी घरी ते सांगायचे, मी लिहायची. सकाळी कार्डं पिशवीत घालून इथे आणायचे. कोणाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना.”

मी आठवायला लागले. एकतीस वर्षांत मी सरांना लिहिताना पाहिलं होतं? एकदाही नाही!

“पण काकू, इथे का येता?”

“घरी ऐकू येत नाही. त्यांची किल्ली होतीच, तुमच्या आधी येऊन जाते.”

हे असं, भाजी इकडे स्वस्त मिळते म्हणावं तसं! मी कसंबसं विचारलं, “मग मघाशी... खाकरलं कोण?”

काकूंनी पेन खाली ठेवलं. “तुम्हालाही ऐकू आलं?” आणि घळाघळा रडायलाच लागल्या. “मला वाटत होतं, मला वेड लागलंय. तीन महिने मुलीपाशीसुद्धा बोलले नाही मी.”

मी त्यांना जवळ घेतलं. घाबरले होते हो, पण रडणाऱ्या बाईला सोडून पळता येतं का?

डोळे पुसून म्हणाल्या, “बारावा अर्थ चार दिवस सांगताहेत. मला नाही लिहवत. तुम्ही लिहा.”

मी निळं पेन काढलं. काकू खुर्चीकडे कान देऊन एकेक शब्द सांगत गेल्या, मी लिहीत गेले. ‘हँड : हस्ताक्षर. उदा. कोश माझ्या नावावर आहे, पण त्यातला हँड पहिल्यापासून माझ्या पत्नीचा आहे.’

तेच कार्ड घेऊन आम्ही दोघी मंडळापुढे. कार्यवाह हसले. काकूंनी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि हिरव्या पेनाने कार्यवाहांचंच नाव लिहिलं, पदासकट. कार्यवाहांनी एकतीस वर्षांपूर्वीचं कार्ड मागवलं, शेजारी ठेवलं. अक्षराचं तेच वळण, तीच वेलांटी. कार्यवाह खाली बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसात आला, “काकू, माफ करा.” आता मुखपृष्ठावर दोन नावं येणार आहेत. काकूंनी आपलं नाव तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, “टाइप जरा मोठा घ्या.”

खाकरण्याचं मात्र मंडळात आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

मग काकूंची बोटं वळेनाशी झाली. मुलीकडे राहायला गेल्या, जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून साडेआठला मी. सुरुवातीला नुसतं खाकरणं ऐकू यायचं. आता सगळं येतं. हात म्हणजे हात म्हणणारी मी, हेड झालं, हार्ट झालं, पाठ मोडून लिहिते आहे! परवा अगदी कंटाळून म्हटलं, “सर, मी साठीला आले. एच अजून संपला नाही. झेड कधी येणार?”

सर खाकरले. म्हणाले, “घाई काय आहे, बाई? राहिलेलं तुम्ही इकडे आल्यावर करू.”

घ्या! म्हणजे तिकडेही नोकरी हीच.