बुचाचा दोष

— लांबून नका हुंगू मॅडम, लांबून काही कळत नाही, नाक आत घाला, बाटलीच्या तोंडाशी — आला ना? कुबट. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. आता तर मलाही येतो, म्हणजे बघा, मला, ज्याचं नाक लहानपणीच कामातून गेलंय. आणि ही एकच बाटली नाही, परत आलेली सगळी खोकी अशीच आहेत, ती भिंतीला लावलीत ती, आणि बाहेर अजून गाडी उभी आहे. अख्ख्या वर्षाची वाईन. तुमच्या कंपनीच्या बुचांनी माझं अख्खं वर्ष नासवलं, एवढंच त्या कागदावर लिहा आणि सही करा, झालं तुमचं काम. तुमचा तो विक्रेता आला होता ना मागच्या आठवड्यात, टाय लावून — मला म्हणतो, काका, साठवणीत काही चुकलं असेल. काका! माझ्या तळघरात उभं राहून मला साठवण शिकवतो. दिली एक कानाखाली ठेवून. चष्मा त्या नळाखाली जाऊन पडला. म्हणून या वेळी बाईमाणूस पाठवलंय, बाईवर हा हात उचलणार नाही — बरोबर ओळखलंय त्यांनी. नाही उचलणार. बसा निवांत.

काय? भिजवून पाहिली? कोरी बुचं, त्याच पोत्यातली, रात्रभर साध्या पाण्यात ठेवली आणि वास नाही? म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. तुमचीच बुचं, तुमचंच पाणी, तुमचंच नाक — वास कशाला येईल? हे बघा, हे बघा तुमचं बूच — हे असं — ठेचलं टाचेखाली, आता घ्या वास त्याचा. घाबरू नका, बुचावर काढतोय राग, तुमच्यावर नाही. हं? पिंपातली? पिंपातली वाईन कशाला हवी, तिला बूच कुठे लागलंय अजून — बरं, घ्या, हे घ्या, पाचव्या पिंपातली काढतो. आमच्याकडे पत्र्याच्या पेल्यातूनच चाखतात, वडिलांचा नियम, रंग दिसला की डोळा फसवतो म्हणायचे. घ्या. — तोंड का वाकडं केलंत? — नाही. शक्य नाही. पिंपाचा दट्ट्या लाकडाचा असतो मॅडम, तिथे तुमचं बूच नाहीच मुळी, मग तोच वास येईल कसा? सहावं बघा. आठवं बघा. — तिसऱ्याकडे नका जाऊ. तिथे ओल आहे, पाय घसरेल. नका जाऊ म्हटलं ना. — गेलातच. तिथे सगळ्यात जास्त येतो म्हणता.

आम्ही काय घालतो? काही नाही घालत. द्राक्ष, आणि वेळ, आणि गप्प बसणं, हे वडिलांचं वाक्य. रंगाची पूड नाही, आंबटपणाची नाही, लाकडाचा भुसा नाही, डिंक नाही, गंधकाची पूड तर नाहीच नाही. बाकीचे घालतात, पोत्यांनी घालतात, वर मोकळ्या रानाची चित्रं छापतात बाटलीवर. माझ्या नाकाचं हाड का मोडलं माहितीय? नऊ वर्षांचा होतो, गंमत म्हणून मूठभर साखर टाकली होती रसात. वडिलांनी एकच ठोसा दिला. बरोबर केलं. त्यानंतर घरात औषध घालायचं कोणाच्या मनातही आलं नाही — म्हणजे माझ्या. धाकट्याच्या आलं. माझा धाकटा भाऊ. नाक त्याचं, हात माझे, असं आमचं तळघर चालायचं. काय नाक होतं — आहे, काय नाक आहे त्याचं. डोळे बांधून सांगायचा, दादा, हे पिंप मागच्या वर्षी खिडकीकडे होतं. गेल्या हंगामात येऊन म्हणतो, दादा, तिसरं बिघडायला लागलंय, सिरक्याची चाहूल आहे, चिमूटभर गंधक घालू, वाचेल. म्हटलं, बिघडू दे, वडिलांच्या तळघरात पूड पडणार नाही. दुसऱ्या दिवशी मोरीमागे पुड्या सापडल्या. तीन रिकाम्या, एक भरलेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घातलीस? विचारलं. घातली म्हणाला, शांतपणे. दादा, वाचली बघ, चाखून तर बघ, म्हणाला. आणि त्याच सुमारास तो — शिडीवरून पडला. हो, शिडीवरून. डोक्यावर. वाईट पडला.

कुठली शिडी म्हणजे? शिडी म्हणजे शिडी. — नाही, ही पिंपं माणसाच्या छातीएवढीच आहेत, खरंय. शिडी लागत नाही. — त्या मोगरीकडे काय बघताय? दट्ट्या ठोकायची मोगरी आहे ती, प्रत्येक तळघरात असते. — एक. एकच मारली. दोन. दुसरी मारायला नको होती, पहिलीलाच बसला होता खाली, पण हात सुटला की सुटतो हो, आमच्या घरात तसाच सुटतो. आवाज आला, नारळासारखा नाही, काही तरी मऊ. आणि मग मी तिसऱ्या पिंपाचा दट्ट्या काढला आणि सगळी वाईन जमिनीवर सोडून दिली, तो तिथे पडलेला असताना. त्याच्या अंगावरून वाहत गेली. रक्त कुठलं आणि वाईन कुठली काही कळेना. त्याची बायको वरून धावत आली आणि तिने मला ढकललं, एवढीशी बाई, मी भिंतीवर जाऊन आदळलो. डॉक्टरांना तिनेच सांगितलं, शिडी. मी नाही सांगायला लावलं. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलत नाही, ताट ठेवते आणि पाठ फिरवते. जीव वाचला त्याचा. चालतो, जेवतो, हसतोही. बरं झालं सगळं.

डाग? धुतला. नुसत्या पाण्याने जातो का, फरशीत मुरला होता, पिंपाखालच्या लाकडी घोड्यांवर उडाला होता, वर तुळईला लागला होता, तिथवर कसा गेला देव जाणे. ब्लीचिंग पावडर आणली. दोन पोती. एका दिवसात नाही जात, मग दर शनिवारी धुवायचो, ब्रशने, गुडघ्यांवर बसून. अजून धुतो. ती काय, बादली आहे ना कोपऱ्यात. तुम्हाला नाही दिसत डाग? मला दिसतो. — काय झालं? पेन का थांबलं?

परत सांगा. हळू सांगा. ब्लीचिंग लाकडात मुरतं, लाकडावर बुरशी असतेच, आणि ती बुरशी त्याचा हा कुबट वास बनवते — बुचात होतं तेच इथे होतं? तुळयांमध्ये? हवेतून पिंपांत उतरतं? म्हणजे बूच नाही. म्हणजे औषध — औषध मी घातलं. वडिलांच्या तळघरात. सगळ्या पिंपांत. — थांबा, थांबा, उचलली जीभ लावली टाळ्याला असं नका करू. तसं असतं तर धाकट्याने सांगितलं असतं. बाटल्या भरण्याआधी प्रत्येक पिंप त्याने हुंगलंय, बरा झाल्यावर, मी स्वतः पेला हातात दिलाय. चांगली आहे, दादा. प्रत्येक पिंपाला. एकदाही नाक मुरडलं नाही. — डोक्याला मार लागला की वास यायचा बंद होतो? असं होतं? मग त्याने मला सांगितलं नसतं? का नसतं सांगितलं?

मी दाखवतो तुम्हाला. बसा. तुमच्यासमोर दाखवतो. या बादलीतलं एवढंसं पाणी या पेल्यात — काल कालवलेलं ब्लीचिंग आहे, झोंबतं — आणि हा पेला. ए धाकट्या. खाली ये रे जरा. ये, या कंपनीच्या मॅडम आहेत. सांभाळून, शेवटची पायरी — हं. घे. नवीन पिंपातली वाईन आहे, वास घेऊन सांग त्यांना. नीट घे. — सावकाश. — डोळ्यांतून पाणी येतंय तुझ्या. काय म्हणालास? मोठ्याने सांग.

चांगली आहे म्हणतो.

ऐकलंत? डोळे चुरचुरतायत याचे आणि मला म्हणतो चांगली आहे, दादा. धाकट्या, माझ्याकडे बघ. वास येतो का तुला? कधीपासून नाही येत? मागच्या वेळी खरं बोललास म्हणून — म्हणून आता कधीच — अरे, तोंडाला काय लावतोस, पिऊ नको, पिऊ नको म्हणतो ना, सोड तो पेला — सोड —

काही नाही झालं. पेला पडला फक्त. पाणी सांडलं. मी पेल्यावर हात मारला, तुझ्यावर नाही.

डोक्यावरचे हात खाली घे रे. मारत नाहीये मी. हात खाली घे.

मॅडम, तुम्ही निघा. जे खरं आहे ते लिहा.