आत अजून सात

वडील: जोर नको लावूस. पंप भांड्याच्या तोंडावर नीट बसव, आधी हळू दाब आणि मग झटक्यात वर ओढ.

मुलगा: तेच करतोय बाबा, अर्धा तास.

वडील: तू नुसता दाबतोयस. दाबलं की आत जे आहे ते आणखी आत जातं. ओढण्यात काम आहे.

मुलगा: त्यापेक्षा मला प्लंबर बोलवू दिला असतात तर?

वडील: चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस घरात बसलाय आणि तुंबलेला संडास काढायला दुसरा आणायचा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.

मुलगा: लोकांना कोण सांगायला चाललंय? मी अर्धी रजा टाकून इथे गुडघ्यांवर, आणि तुम्ही दारात स्टुलावर बसून हुकूम सोडताय.

वडील: माझे गुडघे वाकत असते तर तू ऑफिसातून यायच्या आत मोकळं करून ठेवलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता.

मुलगा: पत्ता लागून काय होणार आहे? संडास आहे, तुंबतो.

वडील: रविवारी ताई येणार आहे. त्याआधी घर जागच्या जागी पाहिजे. पाणी बघ, उतरतंय का?

मुलगा: कसलं उतरतंय! काठाला आलंय.

वडील: मग स्प्रिंग घे, ती लांब तारेची. मूठ फिरवत आत सोड. अडेल तिथे थांब.

मुलगा: अडली.

वडील: एवढ्यात? हातभर तरी गेली का?

मुलगा: हातभर गेली असेल. पुढे वळण लागतंय.

वडील: वळण कुठलं? चार इंची लाईन आहे, सरळ भिंतीत जाते. मी स्वतः टाकलीये.

मुलगा: बाथरूम नवीन केलं तेव्हा भांडं इकडे सरकवलं ना. त्या कंत्राटदाराने दोन बेंड घातले मध्ये.

वडील: दोन? मला कुणी बोललं नाही.

मुलगा: तुम्ही तेव्हा महिनाभर ताईकडे होतात. आणि सांगितलं असतं तर काम पुरं झालं असतं का? एकेका नळावरून त्याच्याशी भांडला असतात.

वडील: दोन बेंड. म्हणून होय.

मुलगा: म्हणून काय?

वडील: काही नाही. उजवीकडे फिरव. डावीकडे फिरवलीस तर पकड सुटेल.

मुलगा: लागलं काहीतरी. मऊ लागतंय. आलं, आलं! कापड आहे बाबा.

वडील: सावकाश.

मुलगा: फरशी पुसायचं फडकं! हे बघा. आणि पाणी गेलं, ऐकलंत?

वडील: ऐकलं.

मुलगा: मला वाटलंच होतं. मावशी फरशी पुसून झाली की बादली इथे उपडी करतात, फडक्यासकट. मागच्या महिन्यात तुंबला होता तोही त्यांचाच प्रताप असणार. सांगून सांगून थकलो. थांबा, फोन लावतो. उद्यापासून येऊ नका म्हणावं.

वडील: एका फडक्यासाठी बाईला कामावरून काढणार?

मुलगा: घरात वय झालेलं माणूस आहे, दर महिन्याला हा घोळ कोण निस्तरणार?

वडील: फोन ठेव.

मुलगा: तुम्ही यात पडू नका.

वडील: ठेव म्हणतो ना. काम अजून झालेलं नाही.

मुलगा: झालं की. गेलं ना पाणी.

वडील: पाण्यापुरती वाट झाली. संध्याकाळपर्यंत पुन्हा तुंबेल. आत अजून सात आहेत.

मुलगा: सात काय?

वडील: तुकडे. बारा केले होते. चार पुढे गेले, आवाजावरून कळतं मला. आठ अडकले. एक तू काढलास.

(मुलगा फोन खिशात ठेवतो.)

मुलगा: कशाचे तुकडे?

वडील: पायजम्याचे.

मुलगा: कुणाच्या?

वडील: या घरात पायजमा कोण घालतं?

मुलगा: तुम्ही पायजमा कापून संडासात टाकलात?

वडील: पत्रा कापायच्या कात्रीने. हातभर लांब, वीतभर रुंद. सरळ चार इंची लाईनीतून एवढा तुकडा आरामात जातो. माप चुकलं नव्हतं माझं. तुझे बेंड मला माहीत नव्हते.

मुलगा: मापाचं राहू द्या बाबा. कापलात कशाला?

वडील: भरला होता.

मुलगा: म्हणजे?

वडील: आता सगळं तोंडाने वदवून घेणार आहेस का? सकाळी उठलो आणि इथपर्यंत पोचलो नाही.

मुलगा: हे कधीपासून?

वडील: थंडी पडल्यापासून. आधी पंधरवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं. आता आठवड्यातून दोनदा होतं.

मुलगा: मग धुवायला टाकायचा.

वडील: मशीन सूनबाई लावते.

मुलगा: कचऱ्यात तरी टाकायचा.

वडील: कचऱ्याची पिशवी तू बांधतोस.

मुलगा: अहो, मला सांगायचं होतंत!

वडील: तुला? तूच ताईला म्हणालास, त्या खोलीत बसून. माझे कान गेलेत असं समजून. ‘त्यांचं त्यांना होतंय तोवर इथे राहू देत. होईनासं झालं की संस्थेत ठेवू.’ रविवारी ती त्या संस्थेचा फॉर्म आणणार आहे, तेही ऐकलंय मी.

मुलगा: नुसता आणून ठेवायचा होता.

वडील: मीसुद्धा गिऱ्हाइकाकडे भांडं आधी नुसतं आणून ठेवायचो. मग बसवायचोच.

मुलगा: आणि म्हणून तुम्ही पायजमे कापत बसलात.

वडील: हा रविवार निभावला असता. मग पुढचा. असं ढकलत ढकलत एक दिवस इथेच डोळे मिटले असते.

मुलगा: असं अभद्र बोलू नका.

वडील: मग कसं बोलू? भीती वाटते मला. साठ माणसांत एक खाट, आणि सकाळी कुणीतरी परका येऊन पांघरूण ओढणार. जन्मभर लोकांची घाण उपसली, कधी लाज वाटली नाही. स्वतःची मात्र वाटली.

मुलगा: मग आत्ता कशाला बोललात? गप्प बसला असतात तर मावशींवर गेलं असतं सगळं.

वडील: तिच्यावर जात होतं म्हणूनच बोललो. तिचा नवरा वर्षभर घरी बसून आहे, तीन घरांवर संसार ओढते ती. आणि लाईन अर्धी सोडून मी आजवर कुणाच्या घरातून उठलो नाही. चल, स्प्रिंग घे. आता अंगठ्याने रेटत जा.

मुलगा: दोन आले एकत्र.

वडील: पाच राहिले.

मुलगा: हा एक. हे अजून दोन.

वडील: नाडीचा आला का?

मुलगा: नाही.

वडील: तो जड आहे, खाली बसला असेल. अर्धी बादली पाणी सोड आणि मग ओढ.

मुलगा: आला. त्याच्यामागे शेवटचाही आला.

वडील: आता फ्लश कर. बघ, कसं खळाळून गेलं! याला म्हणायचं मोकळी लाईन.

मुलगा: बाबा, ताईला मला सांगावं लागेल. तिच्याशी खोटं नाही बोलणार मी.

वडील: मी कुठे नको म्हणतोय?

मुलगा: तुमची सून सकाळी आठला बाहेर पडते, मी साडेआठला. दिवसभर तुमच्याजवळ कोण थांबणार?

वडील: माहीत आहे रे. तू काही वाईट नाहीस. वाईट असतास तर बरं झालं असतं, कडाकडा भांडलो असतो तुझ्याशी.

मुलगा: आणि हा अंगावरचा? हा कोरडा आहे ना?

वडील: तुला उशीर होत असेल ऑफिसला.

मुलगा: बाबा.

वडील: तू स्प्रिंग फिरवत होतास तेव्हा झालं. मला उठता आलं नाही.

मुलगा: उठा. माझ्या खांद्याला धरा.

वडील: तुझ्या हातून नको. तुझं मी काही केलेलं नाही. तू एवढासा होतास, तुझी आई तापाने पडलेली, तू भरून रडत बसायचास आणि मी शेजारणीला हाक मारायचो. म्हणायचो, दिवसभर हेच करून आलोय, आता घरी नको. तुझं एक दुपटं कधी धुतलं नाही मी.

मुलगा: उजवा पाय वर घ्या.

वडील: ऐकलंस का, मी काय म्हणालो ते?

मुलगा: ऐकलं. आता डावा.