दही संपलं

डेट्रॉइटच्या विमानतळावर बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता आणि बोर्डावर एकामागून एक विमानं रद्द होत होती. तिकीट बदलायच्या रांगेत वैतागून उभ्या असलेल्या नीलिमाच्या कानावर मागून मराठी पडलं. तिने हळूच वळून पाहिलं. एक आजी, त्यांची सून आणि पिवळ्या जॅकेटातली नात.

“आई, आजही कॅन्सल!”

“अगंबाई! म्हणजे कालसारखंच परत घरी?”

“हो ना. काल इथे गळ्यात पडून रडलो आणि घरी जाऊन तासाभरात फोडणीवरून भांडलो.”

“हिंग नव्हताच घातलास, केतकी.”

“घातला होता, आई.”

“बरं, घातला होता.”

“आता उद्याचं मिळेल, नाहीतर एकदम ख्रिसमसनंतरचं. कुठलं घेऊ?”

“उद्याचंच घे बाई. किती दिवस त्रास द्यायचा तुम्हाला?”

“आजी, यू कान्ट गो टुमॉरो! दही संपलं.”

“कसलं दही, इरा?”

“निघताना मम्मी तुझ्या हातावर देते ते. काल दिलं, आज दिलं. नाऊ इट्स ऑल गॉन.”

“अगं, सकाळी डबाभर होतं! मीच झाकून ठेवलं.”

“आय एट इट. सगळं.”

“तू? तुला तर दह्याचा वाससुद्धा नको असतो!”

“आय नो. इट वॉज सो यकी, आजी.”

रांग पुढे सरकली. नीलिमा जागची हलली नाही.

“केतकी…”

“काय, आई?”

“ख्रिसमसनंतरचं घे. आणि इतक्यात विरजण लावू नकोस.”