दुसरा प्रोसेसर दाखवा

नाही, मला एक सांगा, स्टिकरवर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं? जुना वर्कस्टेशन कॉम्प्युटर, खोक्यावर ठळक अक्षरांत 'दोन प्रोसेसर', मी तर हरखूनच गेलो! घरांची चित्रं करतो हो मी, घरं बांधण्याआधीची. माझं आधीचं यंत्र एकेका चित्राला चार तास घ्यायचं आणि मध्येच धापा टाकून बंद पडायचं. त्यात बिल्डरनं ठणकावलेलं, 'सोमवारी आठ चित्रं नाहीत, तर काम दुसऱ्याला.' मी खिशात हात घालणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा. उलटं करून बघायचं."

बायको कोट शिवते. अस्तर बघितल्याशिवाय काही घेत नाही... उशीसुद्धा. तुम्हाला सांगतो, त्या दुकानात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्या दिवशी कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाचीला फोन करून हिनं कागदभर लिहून घेतलेलं. "दादा, चालू करा. प्रोसेसरचं पूर्ण नाव दाखवा. नुसतं घराणं नको, नंबर." दुकानदार मधाळ हसला. स्क्रीनवर नंबर आला, हिनं बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं... आणि बोट थांबलं. "इथं सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बैठक, एकच म्हणतंय."

"ताई, ते मोजायला चुकतं कधीकधी."

"कॉम्प्युटर? मोजायला?"

आणि पर्समधून काय काढलं असेल? शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर! यंत्र बंद करायला लावलं, बाजूचा पत्रा काढला. आत एका प्रोसेसरवर पंखा ऐटीत बसलेला आणि शेजारच्या जागेवर नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण. ही म्हणाली, "हा तर दाखवायचा खिसा. वरून झडप, आत हात जात नाही." दुकानदार पुटपुटला, "म्हणजे... दोन बसतात, असं म्हणायचं होतं."

मग आतून दुसरा प्रोसेसर आणला. मी म्हटलं, सुटलो. कुठलं काय, उलटं करून बघायचं! "याचा नंबर वेगळा आहे. दोन्ही बाह्या एकाच कापडाच्या लागतात, दादा." खरंच लागतात हो, जोडी जुळली नाही तर यंत्र सुरूच होत नाही म्हणे! दुसऱ्या खेपेला जुळला. शेवटी दुकानदारच हात जोडून म्हणाला, "ताई, माझा माल तपासायला येता का?" माझी छाती अशी फुगली, जणू नंबर मीच वाचला होता.

शनिवारी आठही चित्रं तयार! चार तासांचं काम वीस मिनिटांत... अभिमान वाटतो मला तिचा, उघड सांगतो. फक्त एकच झालं. पूर्वी यंत्र चार तास घुरघुरायचं, तेव्हा मीही शेजारी आडवा होऊन घुरघुरायचो, 'काम चालू आहे' म्हणून. आता ते निमित्तच गेलं. "मोकळेच आहात ना?" म्हणत मांडीवर कोट आले. खोक्यात दोन प्रोसेसर, बाहेर तिसरा मी, बटणं लावतोय... आणि एकेक कोट झाला, की ती काय करते? हातात घेते आणि उलटा करून बघते.