दोष कुणाचा? माझ्या ओव्हनचा!

…आणि दोष कुणाचा? माझ्या ओव्हनचा! बोर्डावरचा खटका पडला, पंखा थांबला, दिवे गेले, की आमचे हे खुर्चीतूनच ओरडणार, “अगं, बंद कर तो तुझा राक्षस!” आता तुम्हाला सांगते, ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकून ऐकून केस पिकले तेव्हा कुठे तो ओव्हन घरात आला, त्यात केक आत्ता कुठे फुगायला लागलेला, आणि खट्ट! केक बसला. त्याच्याशेजारी मीही बसले. सासूबाईंचं आपलं, “तो आल्यापासून घरात उजेड म्हणून टिकेना!” शेवटी हे म्हणाले, “रविवारी दुकानात परत!” अन् खोकंसुद्धा माळ्यावरून काढून ठेवलं हो! एरवी यांचा हात माळ्यापर्यंत पोचतो का कधी?

म्हटलं, पुराव्याशिवाय फाशी? लेकीला धरलं, नववीत आहे ती. “आई, सोप्पंय. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे पॉवर.” एवढंच? आणि एवढ्यासाठी मी शाळेत पोटात दुखण्याची सोंगं करायची? ओव्हनमागे डोकं घातलं. पट्टीवर लिहिलेलं, दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. भागिले… तेवीस ओहम! आता जोडीला दुसरं काय मोजावं? तर यांची चहाची विजेची किटली! घरून काम करतात ना, टेबल स्वयंपाकघराला चिकटून, एकाच लाइनवर, अन् किटली दिवसभर गुडगुडगुड… काम कमी, वाफ जास्त. उलटी करून पाहिली (आत पाणी होतं, ते जाऊ दे). आठ अँपिअर. भागिले… पावणेएकोणतीस ओहम!

मी तर नाचायचीच बाकी! “बघा, किटलीचा रोध जास्त! म्हणजे सगळी अडवणूक हिचीच!” लेकीनं कपाळावर हात मारला. “आई, उलटं गं! रोध कमी, तर करंट जास्त.” अगं बाई… म्हणजे जास्त ओढतो तो ओव्हनच? घाईघाईनं गुणाकार केला, तर ओव्हन तेवीसशे वॉट, किटली अठराशे चाळीस! हे काय हसले हो! “वा! आरोपीच्या वकिलानंच गुन्हा सिद्ध केला!” झालं… दोष कुणाचा? माझ्या ओव्हनचा! तोही माझ्याच अक्षरात!

रविवार आला. खोकं दारात. म्हटलं, शेवटचा एक केक तरी करू द्या. केक आत, आणि आम्ही सगळे बोर्डाकडे टक लावून. पाच मिनिटं… दहा… खटका हूं की चूं करेना! केक आपला टम्म फुगतोय. इकडे यांचा चेहरा उतरत चाललेला. आणि यांना बेचैन झालं की काय लागतं? चहा! गेले सवयीनं, दाबलं किटलीचं बटण…

खट्ट!

“दहा अन् आठ अठरा!” लेक किंचाळली. “बाबा, खटका सोळा अँपिअरचा आहे! एकेकटं चालतं, दोन्ही एकदम नाही!”

हे किटली मांडीवर घेऊन बसलेले, जसं काही तिचंच लग्न मोडलंय. मग सासूबाईंनी निवाडा दिला, “राहू दे तो ओव्हन. किटली ठेव रे माळ्यावर. चहाचं काय एवढं? गॅसवर होतो की!”

होतो! कसा होतो? आपोआप?

तर तुम्हाला सांगते, मी जिंकले. ओव्हन राहिला, किटली त्याच्याच खोक्यात बसून माळ्यावर गेली, आणि आता दिवसभर टेबलावरून हाक, “अगं, चहा!” काल जरा उशीर झाला, तर म्हणतात कसे, “एवढा वेळ? सगळा दोष त्या ओव्हनचा!”

…हो, आले आले! साखर किती घालू?