खांबावरून दुकानापर्यंत

(झरी, १९९३. बी-बियाण्यांच्या दुकानाची मागची खोली. भर दुपार, पुढचं शटर ओढलेलं. मालक सांबप्पा, आणि फोनची वायर ओढायला आलेला सूर्यभान.)

सूर्यभान: तुमचा फायदा मांडून दाखवू का, अप्पा? खाली दुकानात धाकटा भाऊ फोनवर बोलणार. वरच्या खोलीत तुमी दुसरा फोन कानाला लावून गुपचूप ऐकणार. पाचला पंच बसले की सगळं त्यांच्यापुढं ओतणार. भाऊ बाहेर, दुकान एकट्याचं. एका वायरीत एवढं! लय सस्तात पडायलंय तुमाला.

सांबप्पा: तोंड कमी चालव, हात चालव. बसवंता तीनच्या गाडीनं येतोय. त्याच्या आत वरचा फोन लागला पायजे.

सूर्यभान: लागंल. आधी खांबावरून आलेली लाइन तपासू द्या.

सांबप्पा: तपासायचं काय त्यात? कालच बोललोय मी याच्यावरून.

सूर्यभान: काल. मागं पाथरीला एका वकिलाकडं चार खोल्यांत चार फोन लावले. दिवसभर भिंती ठोकल्या. सांजच्याला कळलं, बाहेरून येणारी लाइनच सकाळधरनं बंद. वकिलानं चहा बी पाजला न्हाई. तवापासून नेम केलाय. दुकानातला फोन सोडवायचा, माजा हा हातातला फोन सरळ आत येणाऱ्या तारेला लावायचा. टोन आला, की मग तुमची चोरवायर.

सांबप्पा: चोर मी? दर मंगळवारी मी परभणीला जातो. तिथून दुकानात फोन करावा तर एंगेज. अर्धा अर्धा तास! बसवंताला विचारलं तर मान खाली. 'चुकलं, दादा.' बस्स, एवढंच. वेगळं दुकान टाकायची बोलणी चालल्यात त्याची, दुसरं काय?

सूर्यभान: आन आज बी मंगळवारच. तुमी ष्टँडवरून माघारी फिरलात, हे घरात ठाऊक हाय?

सांबप्पा: कुणालाच न्हाई. बसवंता बोरीला बियाणं पोचवायला गेलाय. तू कर तुजं काम.

सूर्यभान: सोडवला दुकानातला. आता तार एकटी. लावतो माजा... अप्पा.

सांबप्पा: काय?

सूर्यभान: टोन न्हाई.

सांबप्पा: बंद पडली का?

सूर्यभान: बंद न्हाई. कुणीतरी बोलायलंय.

सांबप्पा: क्रॉस लागली आसंल. इथं रोजचंच हाय ते.

सूर्यभान: हां... क्रॉसच. थांबू जरा. चहा तरी सांगा तवर.

सांबप्पा: तुजं तोंड का उतरलं?

सूर्यभान: ऊन लागलं.

सांबप्पा: सावलीत? आण तो फोन इकडं.

सूर्यभान: दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, अप्पा.

सांबप्पा: त्याच्यासाठीच तर बोलावलंय तुला. आण म्हणतो ना!

सूर्यभान: घ्या. पर खाली बसून ऐका.

सांबप्पा: बाई बोलायलीय कुणीतरी. थांब, हा आवाज...

सूर्यभान: अप्पा? पाणी देऊ?

सांबप्पा: नीलम्मा हाय.

सूर्यभान: कोण नीलम्मा?

सांबप्पा: पोरगी. माजी. मेली ती माज्यासाठी. दीड वर्ष झालं. नामांतरावरून गावागावात डोकी फुटायलीत, आन आमची पोरगी बौद्धाच्या पोराशी कचेरीत सही करून आली. मठात जाऊन सांगितलं मी, मला पोरगी न्हाई. आन ती विचारायलीय, बाळाला घुटी किती उगाळू? बाळाला!

सूर्यभान: सांगणारं कोण हाय?

सांबप्पा: तूच सांग, ही तार जाती कुठं?

सूर्यभान: आता गप बसून भागत न्हाई. बोलणं ह्याच घरातनं चाललंय, ते आवाजावरूनच कळलं मला. खांबावरची तार सरळ दुकानात येत न्हाई, अप्पा. ह्या भिंतीत एक फाटा फुटलाय. पलीकडं काय हाय?

सांबप्पा: आमच्या घरातली ज्वारीची कोठी. महादेवी! ए महादेवी! भाईर ये!

महादेवी: अगं बाई! तुमी? तुमी तर परभणीला गेलता न्हवं?

सांबप्पा: कोठीत फोन कुणी बसवला?

महादेवी: भावजींनी. कुठनं तरी जुना फोन आणला. घंटी वाजू नये म्हणून आत चिंधी कोंबली.

सांबप्पा: म्हंजी मंगळवारी एंगेज...

महादेवी: मी.

सांबप्पा: आन तो माज्यापुढं मान खाली घालून 'चुकलं' म्हणायचा!

महादेवी: मी म्हणले हुते त्यांना, भावजी, तुमच्यावर शक यायलाय, मी सांगून टाकते. तर म्हणले, 'वैनी, मला दुकानातून काढलं तर मी कुठं बी बसंन. तुमाला घरातून काढलं तर कुठं बसाल?'

सूर्यभान: अप्पा, पावणेतीन झाले.

सांबप्पा: पाचला पंच येतेत. सगळ्या गावाला सांगून बसलोय, भाऊ बेइमान हाय म्हणून. आता काय सांगू?

महादेवी: खरं सांगा.

सांबप्पा: खरं म्हंजी पोरीचं नाव घ्यायचं! पाच माणसांत! त्यातले दोघं मठातले.

महादेवी: घ्या की. तिचं नाव तुमीच ठेवलंय.

सांबप्पा: तुला सोपं हाय बोलायला.

महादेवी: सोपं? ज्वारीच्या पोत्यावर बसून, तोंडावर पदर धरून बोलते मी लेकीशी. बाळ किती महिन्याचं हाय, ते बी विचारलं न्हाई तुमी अजून.

सांबप्पा: सूर्यभान, वरचा फोन लावू नको.

सूर्यभान: बरं. आन कोठीतला? काढू का?

सांबप्पा: ...राहू दे.

महादेवी: आन भावजी?

सांबप्पा: पंच बोलावलेत. आता फिरवता येत न्हाई. होऊन जाऊ दे वाटणी. मागनं बघू.

महादेवी: मागनं कवा?

सांबप्पा: बघू म्हणलं ना!

सूर्यभान: झालं म्हणायचं. बोलल्या आक्का, ऐकलं तुमी, आन दुकानातून उठायलाय तिसराच.

सांबप्पा: तू तुजी पिशवी भर.

सूर्यभान: भरतोय. लाइन चांगली हाय, अप्पा. आवाज लय साफ येतो.

महादेवी: चूल पेटवते मी. बोरीहून उपाशी येतेत भावजी. पंच यायच्या आत जेवून घेऊ देत.