माळ्यावरची पाचवी पेटी

बाबा : काडी नीट घातलीस का पण? एका अळीवरून कशी खात्री होणार?

मुलगी : एक नाही बाबा, दादाच्या मधमाश्यांच्या अकराच्या अकरा पेट्यांतल्या अळ्या तपासल्या. काडी घालून ओढली की तपकिरी तार निघते, बोटभर लांब. वास सरसासारखा. तरी आठ दिवस थांबले, प्रयोगशाळेत नमुने वाढवून पाहिले. तोच जिवाणू.

बाबा : मग औषध दे. इतकी वर्षं त्याच्यावरच संशोधन करतेस ना?

मुलगी : औषधाने जिवाणू मरतो, त्याचे बीजाणू नाही. ते लाकडात, मेणात चाळीस-चाळीस वर्षं दबा धरून बसतात. परक्यांना पेट्या जाळा म्हणून कितीदा लिहून दिलं. आज तेच दादाला सांगितलं.

बाबा : काय म्हणाला तो?

मुलगी : ‘माझं काय चुकलं, तेवढं सांग.’

बाबा : काही चुकलं नाही त्याचं. लेकरासारखं जपलंय त्याने माश्यांना.

मुलगी : रोग सुरू झाला चार पेट्यांत. चारही तुमच्या, माळ्यावरून काढलेल्या.

बाबा : लाकूड चांगलं होतं, म्हणून घेतल्या त्याने.

मुलगी : माळ्यावर पाचवी उरली होती. तिला दादाने हातही लावला नव्हता. ती मी उघडली. चौकटींत वाळलेल्या काळ्या खपल्या, बीजाणूंनी खच्चून भरलेल्या. तुम्ही तर सांगायचात, तुमच्या माश्या उडून गेल्या म्हणून.

बाबा : बस ना जरा, चिमे. उभ्याने नको विचारूस.

मुलगी : बसले. बोला.

बाबा : तू तेव्हा जेमतेम पावलं टाकायला लागली होतीस. तपासनीस आला, काडी घातली, म्हणाला, सगळं जाळा. मी हो म्हटलं. तो गेला आणि माझे हातच चालेनात. एकेक पेटी मी स्वतः रंधा मारून केलेली. म्हटलं, उद्या. मग परवा. माश्या मरत गेल्या, पेट्या तशाच उघड्यावर, मधाने भरलेल्या.

मुलगी : आणि दुसऱ्यांच्या माश्या तो रोगट मध लुटायला आल्या.

बाबा : मास्तरांच्या. ओढ्यापलीकडे राहायचे. मला हे सगळं शिकवलं ते त्यांनीच. मी पायरीवर बसून बघत होतो. येत होत्या, पोट भरून जात होत्या. पंधरा दिवस.

मुलगी : बाबा!

बाबा : दोनेक महिन्यांनी मास्तर आले. सव्वीस पेट्या गेल्या होत्या त्यांच्या. तू बसलीस ना, तिथेच बसले. म्हणाले, ‘माझं काय चुकलं रे?’

मुलगी : तुम्ही काय सांगितलंत?

बाबा : म्हटलं, यंदा हवाच वाईट आहे. त्यानंतर त्यांनी पेटी ठेवली नाही. घर विकून लेकीकडे गेले. मी पेट्या माळ्यावर टाकल्या आणि तोंड शिवून घेतलं.

मुलगी : दादाने त्या खाली काढल्या तेव्हा तरी?

बाबा : हसत होता गं तो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. शिडीवरून ओरडला, ‘बाबा, घबाड सापडलं!’ म्हटलं, इतक्या वर्षांनी काय उरलं असणार.

मुलगी : मला विचारायचंत! रोज फोनवर बोलतो आपण.

बाबा : विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस, का विचारताय?

मुलगी : मास्तर आहेत अजून?

बाबा : गेले, दोन वर्षं झाली. लेकीचं पत्र आलं होतं. शेवटपर्यंत म्हणे माश्यांच्या जुन्या वह्या चाळायचे. चूक शोधत.

(मागच्या अंगणातून जमीन खणल्याचा आवाज येतो.)

बाबा : काय करतोय?

मुलगी : खड्डा. संध्याकाळी माश्या परतल्या की पेट्यांची दारं बंद करायची, आणि मग जाळून पुरायचं. मदतीला येते म्हटलं, तर नको म्हणाला.

बाबा : तूच सांग त्याला. तुझं शास्त्र आहे, तुला नीट सांगता येईल.

मुलगी : पेट्यांचं मी सांगेन. मास्तरांचं नाही.

बाबा : मग तो माझ्याशी बोलणार नाही.

मुलगी : नाहीही बोलणार कदाचित.

बाबा : पण वह्या चाळत तरी बसणार नाही.

मुलगी : नाही.

बाबा : हात दे. उठव मला.